घरचे आणि पाहुणे

निरांजनाला काडी लावतच होते, तेवढ्यात हॉलमधून मैना म्हणाली, "आजी बोलत आहे." आणि पाठोपाठ आवाज आला, "जुईबाई, काय करून राहिली वं?"

काडी बोटापर्यंत जळत आली तरी मला कळलं नाही. विहीणबाईंना मी स्वतः स्टेशनवर सोडून आले होते. गाडी सुटताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही होतं. त्यांचं नातीला सोडून जायचं होतं. माझं, एकदाच्या निघाल्या त्याचं. आणि आता, आठवडाही झाला नव्हता, तर बाई आमच्या हॉलमध्ये.

बाहेर येऊन बघते तर कुणी नाही. जुई चटईवर बसलेली, मांडीवर रिबिनी, आणि मान वर करून टीव्हीशेजारच्या फळीकडे बघतेय. तिथे मैनेचा निळा दिवा लागला होता.

मैना म्हणजे बोलणारा डबा. माझा मुलगा विक्रांत ज्या कंपनीत आहे, तिथे या डब्यांना मराठी शिकवायचं काम चाललं होतं, म्हणून त्यातला एक चाचणीसाठी आमच्या घरी आला होता. मैना अशी हाक मारली की दिवा लागायचा आणि ती बातम्या देणाऱ्या बाईसारखं शुद्ध बोलायची. सांगितलं की अभंग लावायची, भाताची शिट्टी मोजायची नाही पण वेळ लावायची. माणसं आवाजावरून ओळखायची. सकाळी "शुभ सकाळ, विक्रांत" म्हणायची, सुनेला "शुभ सकाळ, तेजस्विनी" म्हणायची, जुईलासुद्धा नावाने हाक मारायची. मला मात्र नुसतं "नमस्कार". मला वाटायचं, वयाचा मान ठेवते.

"आजी, गोष्ट सांग ना," जुई डब्याला म्हणाली.

"सांगते नं. चिखलदऱ्याले एक अस्वल होतं. नाव त्याचं किसनराव. त्याची चहाची टपरी होती."

जुई खुदकन हसली. मी तिच्या मागे जाऊन बसले, तेलाची वाटी जवळ ओढली. डोकं काही हाताला लागेना. अस्वल इकडे गेलं की मान इकडे, तिकडे गेलं की तिकडे. भांग वाकडा पडला.

"नीट बस की गं," मी म्हणाले.

"श्श! आजी बोलतीये."

"मग मी कोण?"

तिने वळूनही पाहिलं नाही. "तू घरातली आजी."

आतापर्यंत मी आजी होते आणि त्या अमरावतीची आजी होत्या.

इथे जरा मागचं सांगायला हवं. आमचे हे गेले, तेरावं झालं आणि विक्रांत कराडहून निघताना म्हणाला, "आई, आठ दिवस पुण्याला चल." आठ दिवसांसाठी म्हणून एक बॅग भरली. त्याला आता तीन वर्षं होत आली होती. बॅग दिवाणाखाली होती. कपडे तिच्यातूनच काढायचे, धुऊन घडी घालून तिच्यातच ठेवायचे. सुनेने कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून दिले होते, मी त्यांत वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं, बाकी काही नाही. चल म्हणाले होते सगळे. राहा असं कुणी म्हणालं नव्हतं, आणि आपण होऊन विचारणाऱ्यांतली मी नव्हे.

त्या घरात माझं म्हणावं असं एकच होतं, दिवेलागणीची वेळ. विक्रांत आणि तेजू दोघांच्याही मीटिंगा तेव्हा ऐन रंगात असायच्या, दोन खोल्यांची दोन दारं बंद. जुई माझी. तेल, वेणी, शुभंकरोति, पाढे, मग गरम धपाट्यावर लोण्याचा गोळा. दिवसभर ती शाळेची, बाईंची, मैत्रिणींची, आईबापाची असायची. तेवढा वेळ सोडून मला काही नको होतं. नेमक्या तेवढ्याच वेळावर विहीणबाईंनी बोट ठेवलं.

रात्री जेवताना मी विषय काढला.

"अरे, त्या विहीणबाई डब्यात कशा काय आल्या?"

विक्रांत हसला. "त्यांचं नाव घातलंय मैनेत, इथे होत्या तेव्हाच. आता तिकडून फोनवर बोलल्या की इकडे ऐकू येतं. इकडचं तिकडे जातं."

"मला बोलला नाहीस."

"त्यात तुला काय विचारायचं?"

तो सहज म्हणाला. हातातला घास मी ताटात परत ठेवला ते त्याला दिसलं नाही, तेजूला दिसलं असावं. ती म्हणाली, "आईला तेवढाच विरंगुळा हो. बाबांचं असं झाल्यापासून ती दाराबाहेर पडत नाही."

तिच्या बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. विहीणबाई त्यांना मुलाच्या भरवशावर सोडून जुईच्या वाढदिवसाला म्हणून आल्या होत्या, तेवढंच. हे सगळं मला ठाऊक होतं. वाईटही वाटायचं. पण म्हणून काय माझी संध्याकाळ त्यांना द्यायची? दुपार घ्यावी. सकाळ घ्यावी. रविवार अख्खा घ्यावा.

पुढे हे रोजचंच झालं. "आजी बोलत आहे," मैना म्हणायची आणि जुईची मान माझ्या हातातून सुटायची. बाईंचा आवाज खणखणीत. जन्मभर शाळेत शिकवलेलं, गोष्ट कुठे तोडायची ते बरोबर कळायचं. किसनरावाच्या टपरीत वाघ उधारीवर चहा मागायला आला की, "बाकीचं उद्या हं जुईबाई." मग दुसऱ्या दिवशी जुई शाळेतून आल्यापासून उद्या झाला का, उद्या झाला का करत माझ्या मागेमागे. शुभंकरोति धावतपळत. धपाटं ताटात गार. पाढे तर बंदच पडले.

मीही एकदा करून पाहिलं. आमचे हे एस.टी.त ड्रायव्हर होते, कराड-चिपळूण. कुंभार्ली घाटात एकदा धुक्यात गाडी अडकली आणि त्यांनी आतल्या एका बाळंतीण बाईला स्वेटर, डबा, घोंगडं, सगळं देऊन रात्र स्वतः बोनेटवर बसून काढली, ती गोष्ट. मला तर सांगताना भरून आलं.

जुईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अस्वल कधी येतं?"

"यात अस्वल नाही गं."

"मग नको."

राग मला जुईचा आला नाही. अमरावतीचा आला. त्या दिवशी गॅसवर तवा मी असा काही आपटला की तेजू मीटिंग सोडून बघायला आली.

"काय झालं आई?"

"कुठं काय? निसटला."

संधी मिळाली ती त्यानंतरच्या शनिवारी. सोसायटीतली पोरं जुईबरोबर घरात घुसली आणि मैनेला कामाला लावलं. कुत्र्यासारखी भुंक, घोड्यासारखी खिंकाळ, जोरात गाणं लाव, अजून जोरात. खालच्या मजल्यावरचे काका वर आले. विक्रांतला लाजल्यासारखं झालं, पोरांना त्याने वाटेला लावलं आणि कपाळाला हात लावून सोफ्यावर बसला. मी त्याला पाणी दिलं.

"हे असं कुणीही यावं आणि हिच्याशी बोलावं, हे बरं का रे?" मी म्हणाले. "पाहुण्यांना बंद नाही करता येत?"

"येतं की. यात दोन बाजू असतात, घरचे आणि पाहुणे. घरच्यांचे आवाज तिला माहीत असतात. बाकी कुणीही बोललं की ते पाहुणे. त्यांना किती मोकळीक द्यायची ते आपल्या हातात."

"मग देऊच नये म्हणते मी."

"काहीच?"

"काहीच नाही. आणि एकाला चालू, एकाला बंद असलं करू नकोस. बरं दिसत नाही ते. पाहुणे म्हणजे पाहुणे, मग ते कितीही जवळचे असेनात."

विहीणबाईंचं नाव मी काढलं नाही. आमच्याकडे व्याह्यांबद्दल असं थेट बोलत नाहीत. आडून बोलायचं, समोरच्याने समजून घ्यायचं, आणि उद्या कुणी विचारलं तर आपण काही बोललोच नव्हतो म्हणायला मोकळं राहायचं. अमरावतीला राहणारी बाई पाहुणीच, त्यात समजावून काय सांगायचं?

"बरोबर आहे तुझं," विक्रांत म्हणाला आणि फोनवर अंगठा दाबला. "झालं. उद्यापासून पाहुणे बंद."

मी रात्री शेवयांची खीर केली. "आज काय विशेष?" तेजूने विचारलं. म्हटलं, दूध जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही दोघांचं काही तातडीचं काम निघालं होतं, दारं बंदच. मी दिवा जरा लवकरच लावला. जुईला समोर बसवलं. तिचं लक्ष फळीकडे. मी मनातल्या मनात म्हणत होते, बघ बाई, आज काही यायच्या नाहीत तुझ्या आजी. थोडी रडशील. मग मी कुशीत घेईन, पदराने डोळे पुसेन आणि धपाट्याबरोबर गूळ देईन. गोष्टसुद्धा तयार होती. घाटात या वेळी अस्वल घातलं होतं मी.

निळा दिवा लागला.

"आजी बोलत आहे," मैना म्हणाली.

"जुईबाई! काल किसनरावाच्या टपरीले आग लागली होती, बरोबर?"

"हो! मग?"

माझ्या हातातला कंगवा तसाच राहिला. असं कसं झालं? विक्रांत विसरला असेल. डबा बिघडला असेल. जुई दोन्ही हातांवर हनुवटी टेकवून फळीकडे तोंड करून बसली होती, अर्धी वेणी पाठीवर सुटत चालली होती. मग मला राहवेना. मी उठले, फळीसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मैना, बंद कर."

मैना म्हणाली, "क्षमस्व. या घरात पाहुण्यांच्या सूचना घेणे सध्या बंद आहे."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "मैना! हे बंद कर म्हणते ना!"

"क्षमस्व. या घरात पाहुण्यांच्या सूचना घेणे सध्या बंद आहे."

तोच आवाज, तेवढाच गोड. आग, टपरी, अस्वल, सगळं थांबलं. जुईने माझ्याकडे पाहिलं.

"आजी, तू पाहुणी आहेस?"

डब्यातून विहीणबाई म्हणाल्या, "विहीणबाई, तुमाले म्हनते का ते पाहुनी?"

"मलाच."

"अन् तुमी मले बंद करून राहिल्या होत्या?"

आता आडून बोलण्यात काय अर्थ होता? "व्हय," मी म्हणाले. "तुम्हालाच बंद करत होते. पोरगी दिवसभरातनं एवढी एक घटका माझी असती. तीबी तुम्ही घेतली. लांबनं येऊन घेतली. मला नाही सहन होत."

जुई एकदा डब्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, बाई आता चिडतील, रडतील, तेजूकडे तक्रार जाईल. त्या म्हणाल्या, "मंग आधी काहून नाही सांगितलं जी? मी तं रोज तुमचा हेवा करते. तुमी तिची वेणी घालता, ते इकडं ऐकू येते मले. कंगवा ठेवल्याचा आवाज येते, वाटी सरकवल्याचा येते. तुमच्या हाताले तिचे केस लागते. माह्या हातात नुसता फोन."

मी खाली बसले.

"पन ते जाऊ द्या," त्यांचा आवाज एकदम चढला. "हे पाहुनी काय लावलं? तेजू! ए तेजू! बाहेर ये वं! जावईबापू!"

डब्यातून अशी हाक घुमली की दोन्ही दारं एकदम उघडली. विक्रांत कानातली वायर लोंबकळत बाहेर आला.

"जावईबापू, मी इकडं अमरावतीत बसून घरची, अन् तुमची माय तुमच्या घरात पाहुनी? कोन्या शाळेत शिकवलं हे तुमाले?"

"काय झालं? आई, काय झालं?"

"मैनेला विचार," मी म्हणाले.

त्याने फोन काढला, वरखाली केला, आणि त्याचा चेहरा उतरत गेला. शाळेतून वाईट मार्क घेऊन यायचा तेव्हा असाच व्हायचा.

"अगं... तू आठ दिवसांसाठी आली होतीस ना, तेव्हा तुझा फोन पाहुण्यांच्या वायफायला जोडला होता. मैना आली तेव्हा तिने त्यावरूनच तुला पाहुणी धरलं. तुझा आवाज घालायचा राहूनच गेला."

"तीन वर्षं मी पाहुण्यांतच?"

"पाहुण्यांना सगळं चालू होतं, त्यामुळे कळलंच नाही कधी."

"मलाबी कळलं नाही. मी मान समजत होते."

तेजू माझ्याशेजारी चटईवर येऊन बसली. तेलाची वाटी तिच्या गुडघ्याला लागून कलंडली, तिने तिकडे पाहिलं नाही.

"आई, एक विचारू? कपाट रिकामं करून दिलं तरी तुमचे कपडे बॅगेतच असतात. दर दिवाळीला वाटतं, या वेळी तुम्ही कराडला परत जायचं काढणार. जुई तर झोपताना बॅग आहे का बघून येते. आम्हाला विचारायची भीती वाटते हो. विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात तर?"

"बॅग असली की आजी आहे," जुई म्हणाली.

तीन वर्षं मी त्यांनी राहा म्हणायची वाट बघत होते, आणि ते माझ्या बॅगेकडे बघत होते.

"विक्रांत," डब्यातून आवाज आला, आता जावईबापू गेलं होतं, "पयले माय घरची कर. बाकीचं मंग."

विक्रांतने फोन माझ्यापुढे धरला. त्यावर येतील ती चार-पाच वाक्यं मोठ्याने वाचायची होती, म्हणजे मैनेला आवाज कळतो. मी वाचली. आज हवा छान आहे. मला चहा हवा आहे. असलंच काहीतरी. दोन वाक्यं पुन्हा वाचायला लागली.

"आता नाव. आजी घालतो." त्याने टाइप केलं आणि थांबला. "हे नाव आधीच घेतलंय म्हणतेय."

माझा जीव परत जळला. खोटं कशाला सांगू, एवढं सगळं झाल्यावरही जळला. नावसुद्धा आधी जाऊन बसलंय!

"मग 'घरातली आजी' घाल," जुई म्हणाली.

"काही नको. शालन घाल."

विक्रांतने मान वर केली. माझं नाव शालन आहे हे त्याला कागदपत्रांपुरतं माहीत. कुणाची मी आई, कुणाची आजी, सोसायटीत विक्रांतच्या आई. शालन म्हणणारा एकच माणूस होता. ड्युटीवरून आला की दारातूनच म्हणायचा, शालन, पाणी. आमचे हे तेवढंच म्हणायचे, दुसरं काही लाडाचं बोलणं त्यांना यायचं नाही.

"शालन," विक्रांतने हळूच म्हणून पाहिलं आणि घातलं.

मग विहीणबाई म्हणाल्या, "माह्यं बी बदलून द्या नं. रजनी करा."

"आई, तू आजीच बरी आहेस," तेजू म्हणाली.

"तसं नाही वं. तुह्ये बाबा बोलत होते तवा रजनी म्हनत. आता नुसते बघते माह्याकडं."

तेजूने ओढणीत तोंड लपवलं. विक्रांतने ते नाव बदललं. आजी हे नाव मोकळं झालं. ते मग दोघींपैकी कुणीच घेतलं नाही.

त्या रात्री मी बॅग दिवाणाखालून ओढली. कप्प्यातलं वर्तमानपत्र पिवळं पडलं होतं, ते बदललं, साड्या लावल्या. रिकामी बॅग कुठे ठेवायची यावर जुईने गोंधळ घातला, शेवटी ती तिच्या खेळण्यांना दिली. सकाळी उठून स्वयंपाकघराकडे जात होते. हॉलमधून आवाज आला, "शुभ सकाळ, शालन."

मी माठाशी गेले, तांब्या भरला, पेला घेतला आणि दारापर्यंत आले. मग कळलं, पाणी घ्यायला कुणी नाही. पेला हातात होता तो मीच प्यायले. विक्रांत दात घासत उभा होता, त्याने पाहिलं.

संध्याकाळी दिवा लावून मी जुईला घेऊन बसले. या वेळी चटई फिरवून घेतली होती, म्हणजे तिला फळी दिसावी आणि डोकं मात्र माझ्या हाताखालीच राहावं. एवढी सोय मी पाहिलीच, उगाच का सोडायचं? निळा दिवा लागला.

"रजनी बोलत आहे," मैना म्हणाली.

तिकडून काही आलं नाही. जुई म्हणाली, "आजी? आग विझली का?" तरी काही नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि त्यामागे कुठेतरी पलंगाची कुरकुर, व्याह्यांनी कूस बदलल्यासारखी.

"आजी, बोल ना!"

मी जुईच्या डोक्यावर हात ठेवून तिला गप्प केलं. मला माझा सकाळचा पेला आठवला.

"मैना," मी म्हणाले, "पुन्हा सांग."

मैनेने माझं ऐकलं. "रजनी बोलत आहे."